भुताचा पत्ता

आमच्या बेटावरच्या गावात सोंग लिहिणाऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. सगळ्यांना ठाऊक असतं, पण तोंडातून काढायचं नसतं. सोंगाला आम्ही भुताचं घर म्हणतो. आमचा मुख्य सोंगाड्या लोपाती बाईचा झगा चढवून, कानावर जास्वंद खोचून उभा राहिला की तो लोपाती उरत नाही, त्याच्या तोंडून भूत बोलतं. मग ते भूत पाद्रीबाबांची नक्कल करो, त्यांच्या बायकोची करो, नाहीतर घराण्यांच्या प्रमुखांची करो. भुतावर कोण रागावणार? रागावलाच कोणी, तर गाव त्यालाच हसतं.

मात्र लिहिणाऱ्याचं नाव उघड झालं की ते बोलणं भुताचं राहत नाही. ते त्या माणसाचं होतं, आणि माणसाच्या बोलण्यावर प्रमुखांची बैठक बसते. आमच्याच वाडीतल्या एका पोरानं बिअरच्या भरात ‘ते मी लिहिलं होतं’ म्हणून छाती ठोकली होती. त्याच्या बापाला दंड म्हणून डुकरं द्यावी लागली, आणि आई वर्षभर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली.

तर आमच्या गावची, फांगालोतोची सोंगं आमचे मास्तर लिहायचे. इसाको मास्तर, माझा नवरा. शाळेतून निवृत्त झालेले, घराण्याचे प्रमुख, आणि गावाच्या वतीनं भाषण करण्याचा मान असलेले मानकरी. त्यांचं नाव कधी कोणी घेतलं नाही, पण सोंग संपलं की माणसं येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "आज भूत फॉर्मात होतं हो!" त्या थापेवर मास्तर सहा महिने जगायचे. बायकोनं केलेल्या स्वयंपाकावर जगायचे नाहीत, थापेवर.

अलीकडे थापा पडत होत्या, पण हळू. गेल्या नाताळच्या सोंगात लोक विनोदाच्या आधीच हसायला लागले. त्यांना पुढचं पाठ होतं, आणि मास्तरांचा मान राखायचा म्हणून ते वेळेवर, शिस्तीत हसले. घरी आल्यावर मास्तर खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "लोक माझ्या तोंडाकडे बघून हसतात गं. सोंगाकडे बघून नाही."

"हसतात ना? मग झालं."

"तुला नाही कळायचं."

मला कळत होतं. पण खरं बोलून घरात सुतक कशाला आणा?

मोएलांगी आली ती अशा दिवसांत. समुद्राच्या बाजूला राहणाऱ्या त्या पोरीला ती एवढीशी होती तेव्हापासून मी बघत आलेली. आता सालेलोलोंगाच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडायची. तिच्या बापाला घराण्याच्या प्रमुखाची पदवी नाही. गावच्या जेवणावळीत डुक्कर कापायला आणि भट्टी लावायला पुढे, प्रमुखांच्या बैठकीत मात्र घराच्या खांबांबाहेर. ती पायरीशी मांडी घालून बसली आणि मोबाइल पुढे केला.

"मास्तर, मी एक सोंग लिहिलंय. वाचता का?"

"सोंग वाचून कोण हसतं? बोलून दाखव."

तिनं बोलून दाखवलं. बोटीवर डुक्कर घेऊन चढणारा एक माणूस, त्याला तिकीट मागणारी बाई, असं काहीतरी होतं. मला दोन-तीनदा हसू आलं, मी हात तोंडावर धरला. मास्तरांचा चेहरा पाल बघितल्यासारखा.

"यात तू हुशार दिसतेस," ते म्हणाले. "बाकी काहीच दिसत नाही."

पोरीचे कान लाल झाले. "मग शिकवा ना. नुसती नावं ठेवायला काय जातं?"

"तोंड बरं चालतं हिचं," मास्तर मला म्हणाले, जणू ती तिथं नव्हतीच. मग तिला म्हणाले, "उद्यापासून ये. आणि ऐक, ज्याच्यावर लिहायचं त्याच्या घरी आधी जेवायचं. उपाशीपोटी केलेली नक्कल नुसती जळते. त्यात चव नसते."

तेव्हापासून ती बोटीची पाळी संपली की आमच्याकडे यायची. नीरफणस, नारळाच्या दुधातला अळू, डब्यातलं बीफ, जे असेल ते खायची आणि मास्तरांची बोलणी खायची. मास्तरांची शिकवण्याची एकच पद्धत होती: तिला माझ्याबरोबर विणकामाच्या घरी धाडायचं. तिथं आम्ही बायका दिवसभर मानाच्या भेटीत द्यायच्या तलम चटया विणत बसतो. केवड्याच्या पानाचे धागे केसाइतके बारीक. नजर उचलली की ओळ चुकते, म्हणून कोणी नजर उचलत नाही. मोएलांगीनं मध्ये बसायचं आणि आपलं सोंग बोलायचं. ज्या वाक्याला विणणारीचा हात थांबेल ते ठेवायचं. बाकीचं समुद्रात.

पहिले कित्येक दिवस एकही हात थांबला नाही. तिनेई म्हातारी, आमच्यात सगळ्यांत वडील, ती तर जांभया द्यायची आणि मध्येच विचारायची, "पोरी, मुद्द्यावर कधी येणार? माझं वय झालंय."

पोरगी रडकुंडीला यायची, पण दुसऱ्या दिवशी परत हजर. आणि संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत मास्तर दारात. "थांबला का कोणाचा हात?" नाही म्हटलं की हिरमुसायचे, आणि मग बसून तिच्याशी वाद घालायचे: कुठला शब्द लांबला, कुठं घाई झाली, कुठं तिला स्वतःलाच आधी हसू आलं. नीरफणस भाजताना मी ऐकत असायची. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा चढलेला! ज्या दिवशी पहिल्यांदा दोन हात थांबले आणि मी तसं सांगितलं, त्या दिवशी मास्तर उठून मागच्या माडापर्यंत गेले आणि उगीचच परत आले. मी मनात म्हटलं, म्हातारपणी ह्यांना बाळंतपण आलंय.

त्या वर्षी गावाचं नवं चर्च पुरं झालं. उद्‌घाटनाला शेजारची गावं येणार, पाहुण्यांसमोर भुताचं घर होणारच. समितीची माणसं नेहमीप्रमाणे मास्तरांकडे आली, नेहमीप्रमाणे सोंग हा शब्द न उच्चारता हवापाण्याचं बोलली आणि गेली. ती गेल्यावर मास्तर मोएलांगीला म्हणाले, "हे तू लिहायचंस."

"मी? एवढ्या माणसांसमोर?"

"नाव कुठं लागणार आहे? बरं झालं तर भुताचं, वाईट झालं तर माझं."

मग मास्तर डोळे दाखवायला बोटीनं राजधानीला, आपियाला गेले, आणि त्याच दिवशी ती विणकामाच्या घरी आली. नेहमीपेक्षा गप्प. मध्ये बसली आणि सुरू झाली.

सोंग असं होतं. नव्या चर्चचं उद्‌घाटन आहे, आणि गावाचे मानकरी पाहुण्यांचं स्वागत करायला उभे राहतात. "मी थोडक्यात सांगतो," ते म्हणतात, आणि बोलत सुटतात. बोलता बोलता पाहुण्यांनी आणलेली डुकरं म्हातारी होतात. पाद्रीबाबा बदलतात. पाहुण्यांच्या मुली लग्न होऊन, पोरं कडेवर घेऊन परत येतात. नव्या चर्चचं छप्पर गंजतं. गावातले सगळ्यांत मोठे प्रमुख झोपेत मान हलवत असतात, कारण भाषण त्यांच्या पूर्वजांबद्दल आहे आणि त्यातले निम्मे पूर्वज मानकऱ्यांनी आत्ताच जन्माला घातलेत. प्रत्येक विनोदानंतर मानकरी थांबतात, एक भुवई वर करून हशाची वाट बघतात, आणि हशा आला नाही तर विनोद समजावून सांगतात. शेवटी म्हणतात, "आता मूळ विषयाकडे वळू."

सगळे हात थांबले. तिनेई म्हातारी इतकी हसली की तिची कवळी चटईवर पडली. मग एकेक करून साऱ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं.

ती भुवई मी रोज बघते. ‘मी थोडक्यात सांगतो’ हे लग्नाच्या आधीपासून ऐकते. मला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी हातातली विणकामाची पट्टी त्या पोरीच्या डोक्यात घालावीशी वाटत होती.

"माझ्याच घरी गिळून माझ्याच नवऱ्यावर?" मी म्हटलं.

"मास्तरच म्हणाले, काकू. ज्याच्या घरी जेवलीस त्याच्यावर लिही." तिनं मोबाइल छातीशी धरला. "मी दुसऱ्या कुणाकडे जेवलेच नाही."

"आणि मोठ्या प्रमुखांनाही ओढलंस?"

"ते आपोआप आले." ती जराशी माझ्याकडे सरकली. "माझ्याकडे दुसरं काहीच नाही, काकू. हे सोडून जे लिहिलंय ते सगळं खोटं वाटतं. तुम्ही सांगा, त्यांना न दाखवता लोपातीला देऊ का? की फाडून टाकू?"

मोबाइलवरचं काय फाडणार होती, कोण जाणे. मी मास्तरांना ओळखून होते. सगळ्या गावाची नक्कल केलेला माणूस, पण घरात कोणी त्यांच्या घोरण्याची नक्कल केली तर दोन दिवस बोलत नसत. पाहुण्यांसमोर त्यांचं हसं झालं असतं तर ते पुन्हा त्या चर्चची पायरी चढले नसते. आणि त्यांनी नको म्हटलं असतं, तर ह्या पोरीनं पुन्हा ओळ लिहिली नसती.

"मला मध्ये घेऊ नकोस," मी म्हटलं. "त्यांच्या तोंडावर बोल. मग काय व्हायचं ते होऊ दे."

दुसऱ्या दिवशी मास्तर परत आले, आणि जेवणं झाल्यावर ती बोलली. भुवईसकट. मी भांडी घेऊन मागे गेले, पण पाणी सोडलं नाही, नाहीतर ऐकू आलं नसतं. शेवटचं वाक्य झालं.

"तिसऱ्या वेळेला भुवई का उचलतेस?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही... ते मानकरी उचलतात म्हणून."

"दोनदाच उचलतो. तिसऱ्यांदा हसले नाहीत तर मी खोकतो. खोकला घाल."

"कसा?"

आणि आमच्या घरातून मास्तरांच्या खोकल्याचा आवाज आला. मग तिचा. मग परत त्यांचा. "अंहं, एवढा आजारी नाही. मला काही झालेलं नाही, मी फक्त वेळ काढतोय. हां, असा. आणि छप्पर आधी गंजवू नकोस. आधी डुकरं, मग पोरी, छप्पर सगळ्यात शेवटी. पाद्रीबाबा मध्ये. आणि विनोद समजावून सांगतो तिथं ‘पाहुण्यांना कळलं नसेल म्हणून सांगतो’ असं पाहिजे. त्यात जास्त अपमान आहे."

"तुम्ही असं म्हणता?"

"याहून वाईट म्हणतो. तू मला फार सांभाळून घेतलंयस. धार लाव."

ती गेल्यावर मास्तर भिंतीकडे... भिंत कुठली आमच्या घराला, पडद्याकडे तोंड करून पडले. मी दिवा बारीक केला.

"लागलं का?" मी विचारलं.

"लागलं." त्यांनी कूस बदलली. "तिनं मला बघितलंय गं. इतकी वर्षं मी सगळ्यांना बघत बसलो. मला कोणी बघितलं नव्हतं."

"आणि मी काय आंधळी होते?"

"तू बायको आहेस. तू बघून सोडून देतेस."

त्या क्षणी मला त्यांची इतकी माया आली की तेही मी सोडून दिलं. नाहीतर मी सोडते होय?

उद्‌घाटन झालं. प्रार्थना, गाणी, जेवण, आणि मग चर्चसमोरच्या हिरवळीवर ताडपत्र्यांच्या सावलीत भुताचं घर. लोपातीनं जास्वंद कानावर खोचली आणि म्हणाला, "मी थोडक्यात सांगतो." गाव एकमेकांकडे बघायला लागलं, कारण मास्तरांचीच नक्कल कधी झाली नव्हती. मग असा हशा उठला की झाडावरची वटवाघळं उडाली. पाहुण्यांच्या बायका एकमेकींच्या मांडीवर पडत होत्या. मोठे प्रमुख खरंच डुलकी काढत होते, हशानं जागे झाले, आपलीच नक्कल चाललेली बघितली आणि पोट धरून हसले. मास्तर प्रमुखांच्या रांगेत ताठ बसले होते. ओठ हलत होते. प्रत्येक वाक्य ते लोपातीच्या आधी म्हणत होते, आणि खोकल्याच्या जागी तर त्यांनी श्वासच रोखला. मोएलांगी मागे, पाहुण्यांना शहाळी देत होती. छप्पर गंजलं तेव्हा तिच्या हातातलं शहाळं कलंडलं आणि एका म्हाताऱ्याच्या मांडीवर सांडलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग पाहुण्यांचे मानकरी फिलिपो काठी टेकत उभे राहिले.

"भुतं पुष्कळ बघितली," ते म्हणाले. "पण आपल्याच मालकाला चावणारं भूत आज पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्याला हसायला जीभ लागते. स्वतःला हसायला छाती लागते. मी कोणाचं नाव घेत नाही. माझे पाय चटई घेऊन जिथं जातील तिथं जातील." आणि त्यांची माणसं एक तलम चटई उलगडत आली, जुनी, लोण्यासारखी मऊ, आणि ती त्यांनी मास्तरांच्या पुढ्यात अंथरली. गाव ओरडत होतं, टाळ्या पिटत होतं. इतकी वर्षं ज्या थापेसाठी हा माणूस झुरला ती आली होती, आणि ती दुसरीच्या कामाची होती.

मास्तरांचं तोंड मी बघितलं. पांढरं पडलं होतं. त्यांनी गर्दीत मागे बघितलं. मोएलांगीनं मान हलवली, नाही म्हणून, आणि डोळ्यांनी बापाकडे दाखवलं. तो बिचारा भट्टीजवळ कोयता धुवत हसत होता. बिनपदवीच्या माणसाच्या पोरीनं मानकऱ्याचं आणि मोठ्या प्रमुखांचं पाहुण्यांसमोर हसं केलं, हे उघड झालं असतं, तर तो कोयता त्याला स्वतःच्याच डुकरांवर चालवावा लागला असता. आणि ‘हे माझं नाही’ एवढं जरी मास्तर म्हणाले असते, तरी ‘मग कोणाचं?’ हा प्रश्न आलाच असता.

मास्तरांनी चटईची कड उचलून डोक्याला लावली. रीत आहे तशी.

"आणि पुढच्या वर्षी आमचं चर्च पुरं होतंय," फिलिपो म्हणाले. "त्या दिवशीचं भूतही याच घरचं पाहिजे."

मला पुढचं सगळं दिसलं. हे हो म्हणणार, ती लिहिणार, चटया ह्यांच्या पुढ्यात पडणार. पोरगी काही बोलणारही नव्हती. ती आयुष्यभर आनंदानं लिहून देत राहिली असती. मास्तर उभे राहिले.

"मी थोडक्यात सांगतो," ते म्हणाले.

लोक कोसळले हसून. मास्तर तसेच थांबले. ते त्यांनी मुद्दाम म्हटलं नव्हतं, हे फक्त मला आणि तिला कळलं असेल. आता हे वाक्य त्यांना मरेपर्यंत गंभीरपणे म्हणता येणार नव्हतं. हशा ओसरल्यावर ते खरोखर थोडक्यात बोलले, आयुष्यात पहिल्यांदा.

"भूत माझ्या घरी पुष्कळ वर्षं राहिलं. आज ते माझ्याकडे शेवटचं जेवलं. मी म्हातारा झालो, माझे विनोद तुम्हाला पाठ झालेत, आणि तुम्ही भली माणसं, म्हणून हसता. पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नका. पाण्याच्या टाकीच्या खालच्या अंगाला, धक्क्यावर काम करणारी मोएलांगी राहते. भूत तिच्याकडे राहायला जातंय. मी बघून आलोय, जागा चांगली आहे."

कोणी हसलं नाही. सोंगाच्या बाबतीत आमच्याकडे कोणाचं नाव असं घेतलं गेलं नव्हतं. मोठे प्रमुख पुढे झुकले. "आणि आजचं?" त्यांनी विचारलं. "आजचं कोणाच्या घरचं?"

"आजचं माझं," मास्तर म्हणाले. नव्या चर्चच्या दारात, पाद्रीबाबांच्या पुढ्यात, धडधडीत खोटं. आणि खाली बसले. स्वतःलाच हसलेल्या मानकऱ्यावर बैठक कोण बसवणार?

त्या रात्री मोएलांगी आली आणि भांडली. "मला विचारलंत तरी का? मला अजून काही येत नाही. आणि तुम्ही काय करणार आता?" मास्तर म्हणाले, मी झोपणार. ती रडली, जेवली आणि गेली.

वर्ष उलटलं तेव्हा फिलिपोंची माणसं आली, अळूच्या टोपल्या आणि बीफचे डबे घेऊन. आमचं घर रस्त्याला लागून, पहिलं. मास्तर कडेला पाय सोडून बसले होते. माणसं थबकली, एकमेकांकडे बघितलं, आणि मानापोटी आमच्याच पायरीकडे वळायला लागली.

"इथं नाही," मास्तर म्हणाले. "पुढं जा. टाकीच्या खाली. आणि ती लगेच हो म्हणायची नाही, मागे लागावं लागेल."

माणसं पुढे गेली. त्यातल्या एकानंही आमच्याकडे टोपली ठेवली नाही. मी कोकोचा पेला नेऊन दिला.

"वाईट वाटतंय?"

"हो," ते म्हणाले. "वाटणारच की."

थोड्या वेळानं खालून हसण्याचा मोठा आवाज आला. मास्तरांनी मान वळवली. "काय म्हणाली असेल गं?"

"जाऊन विचारा."

"नको. सांगायला येईल ती. काय लिहायचं ते विचारायला तरी येईलच." त्यांनी मला तिच्या वाटचं काढून ठेवायला सांगितलं, मासा जरा मोठा.

प्रार्थनेचा शंख झाला. प्रार्थना झाली, खालच्या बाजूचा सोडून बाकीचे पडदे सोडले, अंधार झाला. खाली तिच्या घरात दिवा दिसत होता, आणि ती कोणाला तरी काहीतरी बोलून दाखवत होती, हातवारे करून. मास्तर बराच वेळ तिकडे बघत होते. मग त्यांनी तिचं ताट स्वतःकडे ओढलं.

"आता नाही यायची," ते म्हणाले. "तिला मी लागत नाही आता."

मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. ते गालात हसत पोटभर जेवले.